कानाने राखलेल्या गाड्या

सुरतजवळच्या सचिनमध्ये राहणाऱ्या एका निवृत्त मेंटेनन्स फिटरने जुन्या इटालियन मोटारींवरच्या पुस्तकाला प्रस्तावना का लिहावी, असं वाचकाच्या मनात येईल. माझ्याही आलं. मी तसं विचारलं तेव्हा संपादक फोनवर म्हणाले, "तुमच्या गावाचं नाव सचिन, आणि सचिनची फेरारी शेवटी गेली ती तुमच्या सुरतेत. अजून काय कारण हवं?" याला कारण म्हणत नाहीत. पण जुन्या गाड्या बाळगणाऱ्या माणसांची कारणं साधारण अशीच असतात, हे एव्हाना मला कळून चुकलं आहे. माझीही त्याहून फार वेगळी नाहीत.

गावाच्या नावाचं आधी उरकून घेतो. आमच्या गावाचा आणि क्रिकेटवाल्या सचिन तेंडुलकरांचा काडीचा संबंध नाही. त्यांचं नाव संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्यावरून ठेवलेलं, आणि आमचं गाव त्या दोघांहून कितीतरी जुनं. 1791 मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातल्या एकाने जंजिऱ्यावरचा हक्क सोडला आणि पेशव्यांशी झालेल्या करारात त्या बदल्यात हा मुलूख घेतला. समुद्रातला किल्ला सोडून सपाट काळी जमीन! सचिनची नवाबी 1948 पर्यंत टिकली. आता इथे जीआयडीसी आहे, माग आहेत, कापड रंगवणारी प्रोसेस हाउसं आहेत, आणि उधना-जळगाव लाइनीने पोटापाण्यासाठी आलेली आमच्यासारखी खानदेशी माणसं आहेत. मी 1988 साली अमळनेरहून आलो तो इथलाच झालो. घरात अहिराणी, कारखान्यात गुजराती, आणि गाडीशी जी भाषा बोलतो ती इथे छापण्यासारखी नाही.

आता फेरारी. एप्रिल 2002 मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला तेंडुलकरांनी 29वं कसोटी शतक काढलं आणि ब्रॅडमनची बरोबरी केली. त्याबद्दल फियाटने त्यांना लाल फेरारी 360 मोडेना भेट दिली. त्याच वर्षी जुलैत सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाखरच्या हातून ती त्यांना मिळाली. (सिल्व्हरस्टोनचंही एक आहे. फॉर्म्युला वनच्या जागतिक स्पर्धेतली फेरारीने पहिली शर्यत 1951 मध्ये तिथेच जिंकली. ज्याने हे जुळवलं त्याला ठाऊक असेल की नुसता योगायोग असेल, सांगता येत नाही.) पुढे त्या गाडीवरच्या कोटीभराच्या सीमाशुल्काच्या माफीवरून रान उठलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी ते पैसे फियाटने भरले. 2011 मध्ये तेंडुलकरांनी ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली. पुढच्याच वर्षी राजेश मापुसकर या आपल्या मराठी दिग्दर्शकाचा 'फेरारी की सवारी' आला. त्यात आरटीओतला एक पापभीरू पारशी कारकून मुलाच्या क्रिकेटसाठी सचिनची फेरारी न सांगता घेऊन जातो. सुरतेत त्या काळात चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. ज्याने त्याने ती गाडी पाहिली होती. मी पाहिली नाही.

पण तिच्याबद्दल वाचलं भरपूर. 3,586 सीसीचं आठ सिलेंडरचं इंजिन, 400 हॉर्सपॉवर, आणि ती पूर्ण ताकद मिळते 8,500 आरपीएमला. सांगाडा अॅल्युमिनियमचा. बॉडीचं डिझाइन पिनिनफारिनाचं. आणि इंजिन बसवलंय चालकाच्या पाठीमागे, वर काच लावून. दुकानात मिठाई ठेवतात तसं ते मांडलेलं. मला त्या गाडीतलं सगळ्यात काय आवडलं असेल तर ही काच. आजच्या नव्या गाडीचं बोनेट उघडा, वर काळं प्लॅस्टिकचं झाकण दिसेल. खाली काय चाललंय ते तुम्ही बघू नये अशी कंपनीची इच्छा. इटलीच्या माणसाने मात्र इंजिनावर काच लावली. या पुस्तकात पुढे जे जे येणार आहे, ते मला त्या काचेतून दिसतं.

फियाटने फेरारी का द्यावी, हे नव्या वाचकाला सांगायला हवं. 1969 मध्ये फियाटने फेरारीचा निम्मा हिस्सा घेतला होता. आणि तेंडुलकर त्या वेळी फियाटच्या पालिओची जाहिरात करत होते. त्यांच्या सहीची पालिओसुद्धा निघाली होती. ती पालिओ बनत होती कुर्ल्याला. म्हणजे मोडेनाजवळच्या मारानेल्लोहून सुरतेला आलेल्या त्या लाल गाडीचा धागा पकडून मागे गेलं, तर आपण कुर्ल्याच्या कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभे राहतो. मराठी माणसाची इटालियन गाडी तिथूनच सुरू होते.

वालचंद हिराचंद सोलापूरचे. जहाज, विमान आणि मोटार, तिन्ही आपल्या देशात बनली पाहिजेत असा ध्यास घेतलेला हा माणूस. आणि तिन्हींची सुरुवात त्याने करून दाखवली. प्रीमियर ऑटोमोबाइल्स 1944 ची. कुर्ल्याला आधी अमेरिकन गाड्या जोडल्या जात, पन्नाशीच्या सुरुवातीला फियाटशी करार झाला. पहिली आली चिमुकली फियाट 500. इटलीत तिला 'तोपोलिनो' म्हणत, म्हणजे छोटा उंदीर. मिकी माउसचंही इटालियन नाव तेच. मग 1954 च्या सुमारास 1100 आली. तिचं नाक गोलसर, अंग बसकं, पुढची दारं उलट्या बाजूने उघडणारी. आपल्या लोकांनी लगेच नाव ठेवलं, 'डुक्कर फियाट'. इटलीने उंदीर म्हटलं, आपण डुक्कर म्हटलं, दोन्हीकडे लाडानेच. ज्या गाडीला माणसं जनावराचं नाव ठेवतात तिला ती सहसा विकत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

डुकरानंतर 1964 मध्ये 'डिलाइट' आली, 1972 मध्ये तिचं नाव 'प्रीमियर प्रेसिडेंट' झालं आणि 1974 पासून 'पद्मिनी'. चितोडच्या राणीचं नाव, कागदपत्रं कुर्ल्याची, पण पत्र्याची घडी तीच तुरीनची. 1,089 सीसी, चार सिलेंडर, गिअर स्टिअरिंगवर. हे इंजिन आणि ही गाडी दान्ते जाकोसा नावाच्या इंजिनिअरच्या डोक्यातून निघालेल्या घराण्यातली, तोपोलिनोही त्याचीच. आपल्याकडे ती नव्वदीच्या शेवटापर्यंत बनत राहिली. इटलीने जी गाडी साठीतच सोडून दिली, ती आपण पुढे तीस वर्षं चालवली. याला मागासलेपण म्हणायचं की निष्ठा, हा वाद या पुस्तकात दोनतीन ठिकाणी येतो. माझं मत सांगतो: सुरुवातीला नाइलाज होता. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, दुसरी मिळत नाही म्हणून हीच घ्यायची. डिसेंबर 1983 मध्ये मारुती आली आणि ज्यांचा नाइलाज होता ते सगळे निघून गेले. त्यानंतर जे उरले त्यांनाच निष्ठावंत म्हणायचं.

आणि त्या उरलेल्यांत सगळ्यात मोठी फौज हौशी लोकांची नव्हती, टॅक्सीवाल्यांची होती, हे नीट लक्षात घ्यायला हवं. मोटारींवर लिहिणारे इटालियन गाडीवरच्या प्रेमाची गोष्ट नेहमी वाईनचे द्राक्षमळे, डोंगरातले वळणदार रस्ते आणि चामडी हातमोजे यांच्यापासून सुरू करतात. आपली गोष्ट दादर स्टेशनबाहेरच्या स्टँडवर सुरू होते. मे महिन्यात इंजिन तापून पेट्रोलची वाफ झाली, पंप ओढेना, की टॅक्सीवाला खाली उतरायचा, बोनेट उघडायचा, पेट्रोल पंपावर ओलं फडकं गुंडाळायचा, बिडी ओढेपर्यंत थांबायचा आणि निघायचा. मीटर खाली. ही निष्ठा पोटातून आलेली होती: गाडी रस्त्यावर बिघडली तर रस्त्यावरच सुधारता येते, पार्ट कुर्ल्याला नाहीतर चोरबाजारात मिळतो, आणि कुठल्याही मेकॅनिकला ती डोळे मिटून येते. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली, एमएच 01 जेए 2556. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर 2023 संपता संपता ती उतरली. त्या दिवशी वर्तमानपत्रांनी हळहळ छापली. टॅक्सीवाल्यांपैकी पुष्कळांनी त्याआधीच सीएनजीची नवी गाडी घेतली होती आणि त्यांना दोष द्यायचा आपल्याला काही अधिकार नाही.

माझी पद्मिनी 1981 ची. 1999 मध्ये नवसारीच्या एका वृद्ध पारशी गृहस्थांकडून घेतली. आपल्याकडे 'पारशाने वापरलेली गाडी' एवढ्या तीन शब्दांवर किंमत ठरते, तशी ठरली. त्यांनी चावी देण्याआधी मला अर्धा तास शिकवलं: चोक किती ओढायचा, सेल किती वेळ मारायचा, तिसरा गिअर घालताना मनगट कसं वळवायचं. मग म्हणाले, "डिकरा, बोलेगी तो सुनना." ती बोलेल तेव्हा ऐक. मी तेव्हा चाळिशीला टेकलेला, दहा वर्षं माग आणि पॅडिंग मशिनं सांभाळलेला माणूस. मला वाटलं म्हातारा हळवा झालाय. पण नवसारी ते सचिन हे वीसेक किलोमीटर येईपर्यंत गाडी तीनदा बोलली. मरोलीच्या अलीकडे टॅपेट, पलीकडे सायलेन्सरचा पट्टा, आणि सचिनच्या स्टेशनाशी काहीतरी बारीक, मागच्या चाकाकडून, जे मला पुढे चार महिने सापडलं नाही.

आमच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. मशिनचं बेअरिंग गेलं की काय हे बघायचं असेल तर डिस्मिस घ्यायचा (इकडे स्क्रूड्रायव्हरला डिस्मिसच म्हणतात), त्याचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. शंभर माग धडधडत असतात, तरी त्या लोखंडी काडीतून एकाच बेअरिंगचा आवाज कानात येतो. चांगलं असेल तर पिठाच्या गिरणीसारखा सलग, गेलेलं असेल तर वाळू चावल्यासारखा. नवे पोरगे आता कंपन मोजायचं यंत्र घेऊन येतात आणि स्क्रीनवरचा आकडा वाचून दाखवतात. आकडा बरोबर असतो. मीही आधी डिस्मिस लावतो आणि मग त्यांना यंत्र लावायला सांगतो. अजून तरी आमची तफावत आलेली नाही. तोच डिस्मिस मी पद्मिनीच्या टॅपेट कव्हरवर लावतो. रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, फिलर गेजने टॅपेट सेट करायचे, मग चालू करून कान लावायचा. एक टॅपेट सैल असेल तर टिकटिक, घट्ट असेल तर शांत. आणि हे शांतच जास्त धोक्याचं, कारण झडप पूर्ण मिटत नाही आणि जळते. बायको म्हणते, "माझं एक वाक्य कधी धड ऐकलं नाही, आणि त्या डब्याला कान लावून बसलेत." तिचं म्हणणं खोटं नाही.

मला या पुस्तकाबद्दल जे एकच सांगायचं आहे ते हे. पुढच्या लेखांत तुम्हाला आल्फा रोमिओ भेटेल, फियाट 124 भेटेल, लान्चिया भेटेल, आणि प्रत्येक लेखक त्याने ती गाडी का घेतली याचं कारण रूपात सांगेल: तिचा उतार, तिचे दिवे, तिचं नाक. ते खरं आहे, गाडी डोळ्याने घेतली जाते. पण ती सोडली का नाही, याचं कारण कोणी नीट सांगू शकलेला नाही. सगळे 'आत्मा' हा शब्द वापरतात. मी संपादकांना तो शब्द प्रत्येक लेखातून निम्मा काढायला लावला. माझ्या मते कारण साधं आहे. या गाड्यांनी मालकाच्या कानाला काम दिलं, हाताला काम दिलं, आणि त्याला जे येतं त्याला किंमत दिली. कारखान्यात वर्षानुवर्षं ज्याला "अरे, तो फिटर" म्हणून हाक मारली, त्याच्या फिटरपणाला निदान एक गाडी तरी मान देते.

असं इटलीच्याच गाड्यांत का झालं, याचं उत्तर मला बऱ्याच अंशी करात सापडलं. हे काव्यमय नाही, पण खरं आहे. इटलीत मोटारीवरचा कर इंजिनाच्या आकारावर लागत असे. मोठं इंजिन म्हणजे मोठा कर. अमेरिकन इंजिनिअरला जास्त ताकद हवी असेल तर तो इंजिन मोठं करत असे. इटालियन इंजिनिअरला तेवढ्याच सीसीतून ताकद पिळून काढावी लागे. म्हणजे इंजिन जोरात फिरवायचं, त्याचा श्वास मोकळा करायचा, वजन कमी करायचं. 1954 ची आल्फा रोमिओ जुलिएत्ता बघा: जेमतेम 1,290 सीसी, पण अॅल्युमिनियमचं, डोक्यावर दोन कॅमशाफ्ट असलेलं, शर्यतीच्या गाडीसारखं इंजिन कुटुंबाच्या गाडीत. पुढे सत्तरीत तर दोन लिटरच्या वर गेलं की मूल्यवर्धित कर 38 टक्के झाला. तेव्हा खुद्द फेरारीनेही फक्त देशातल्या गिऱ्हाइकांसाठी आठ सिलेंडरचं इंजिन 1,991 सीसीवर आणलं आणि 208 नावाची गाडी काढली! एका सिलेंडरच्या वाट्याला अडीचशे सीसीसुद्धा नाही, आपल्या बुलेटच्या एका सिलेंडरहून कमी. असं इंजिन बारीक बारीक तुकड्यांचं, वेगात फिरणारं, आणि प्रत्येक आवाज वेगळा ऐकू येणारं असतं. त्याला कान द्यावाच लागतो.

दुसरं कारण गावाचं. मोडेना आणि त्याच्या आसपासच्या तीसचाळीस किलोमीटरच्या टापूत फेरारी, मासेराती आणि लॅम्बोर्गिनी, तिघांचे कारखाने. एन्झो फेरारी मोडेनाचाच, 1898 चा. 1943 मध्ये त्याने कारखाना शेजारच्या मारानेल्लोला हलवला. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी मुळात ट्रॅक्टर बनवणारा. 1963 मध्ये सांतआगाताला त्याने मोटारीचा कारखाना काढला. फेरारीच्या क्लचवरून दोघांचं वाजलं, ही कथा जगभर सांगतात. वाजलं असेल नसेल, ट्रॅक्टरवाल्याला क्लच कळतो एवढं मला मान्य आहे. शिवाय कार्ब्युरेटर बनवणारा वेबर जवळच्या बोलोन्याचा. तिथे ओतकाम करणारे, लेथवर काम करणारे, पत्रा ठोकणारे यांची गल्लीगल्लीतून वस्ती. आमच्या जीआयडीसीत राहणाऱ्याला हे चित्र अनोळखी नाही. इथे मागाचा एखादा दात तुटला तर दुपारी लेथवाल्याकडे जायचं आणि संध्याकाळी नवा बसवायचा. माझ्या पद्मिनीच्या किंगपिनचे पितळी बुश अशाच एका लेथवाल्याने दिले. त्याने त्यापूर्वी मोटारीचं काम केलेलं नव्हतं. त्याने जुना बुश हातात फिरवला, नखाने खरवडला, मायक्रोमीटर लावला आणि विचारलं, "कोणता माग आहे हा?" मी सांगितलं, इटलीचा.

इथे हात आखडता घेऊन दुसरी बाजूही सांगतो, कारण पुढचे लेखक ती सांगणार नाहीत. सत्तरीतल्या इटालियन गाड्या गंजायच्या. नेपल्सजवळ बनलेली आल्फासूद चालवायला अप्रतिम, पण पत्रा मात्र चाळणी. लान्चिया बीटाचं तर ब्रिटनमध्ये 1980 ला असं झालं की गंजलेल्या गाड्या कंपनीला परत विकत घ्याव्या लागल्या. तिथे लान्चियाचं नाव त्यातून कधी सावरलं नाही. आमच्या सचिनची हवा म्हणजे समुद्राचा खार आणि डाईंगचं रसायन. माझ्या गाडीचा पायाखालचा पत्रा दोनदा बदललाय. पावसाळ्यात एकदा भेस्तानच्या सखल भागात डिस्ट्रिब्युटरमध्ये पाणी गेलं आणि ती रस्त्याच्या मधोमध बसली. मागे टेम्पोंची रांग, माझ्या डोक्यावर पाऊस. मी कॅप काढून रुमालाने पुसतोय, पॉइंटवर फुंकर घालतोय, तेवढ्यात एक पोरगा अॅक्टिव्हावरून उतरला, टेम्पोवाल्यांना शिव्या देऊन मार्ग काढला, गाडी बाजूला ढकलायला लागला आणि ढकलता ढकलता विचारतो, "काका, आ कई गाडी छे?" मी म्हटलं फियाट. "नवी आवी?" त्याला चेष्टा करायची नव्हती. त्याच्या जन्मानंतर रस्त्यावर फियाट त्याने पाहिलीच नव्हती. तर, बिघाडाचं काव्य करणाऱ्यांना माझं सांगणं आहे, आधी भेस्तानला पावसात उभे राहा.

आणखी एक कबुली. तीनेक वर्षांपूर्वी रात्री दीड वाजता बायकोच्या छातीत दुखू लागलं. मी पद्मिनीच्या चावीला हातसुद्धा लावला नाही. शेजाऱ्यांचं दार वाजवलं, त्यांची डिझेल स्विफ्ट काढली आणि सुरतेच्या दवाखान्यात वीस मिनिटांत पोचलो. (गॅस होता. ती ठणठणीत आहे.) परतताना पहाटे शेजारी म्हणाले, "बघा काका, वेळेला जपानी गाडीच कामाला आली." मी काही बोललो नाही. त्या स्विफ्टच्या बोनेटखाली 1.3 लिटरचं मल्टिजेट आहे. मारुतीने ते परवान्याखाली बनवलं. इंजिन मूळ फियाटचं. आपल्या रस्त्यांवरच्या किती कंपन्यांच्या किती डिझेल गाड्या त्या एका इटालियन इंजिनावर धावल्या, याची मोजदाद नाही. फियाटची स्वतःची लिनिया आणि पुंटो मात्र पुण्याजवळच्या रांजणगावातून निघत होत्या आणि शोरूममध्ये पडून होत्या; 2019-20 च्या सुमाराला फियाटने भारतातली विक्रीच थांबवली. लिनियावाले आज पार्टसाठी एकमेकांना शोधत फिरतात. या पुस्तकात तरुणांचे दोन लेख आहेत ते याच गाड्यांचे. काही ज्येष्ठांनी त्यांना 'क्लासिक' म्हणायला हरकत घेतली. मी म्हटलं, डुकरालाही 1960 मध्ये कोणी क्लासिक म्हणत नव्हतं.

तसं सरकारने आता याची व्याख्या करून टाकली आहे. जुलै 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपुढची, मूळ रूपात असलेली, धंद्याला न लावलेली खासगी गाडी म्हणजे व्हिंटेज. तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर, नव्या नोंदणीला 20 हजार रुपये, मुदत दहा वर्षं. आणि अट अशी की रोजच्या वापराला ती काढायची नाही. मेळा, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यालाच. नियम चांगला आहे, भंगाराच्या धाकातून गाड्या सुटल्या. पण मी माझी गाडी भाजीला नेतो. 2031 मध्ये तिला पन्नास भरतील तेव्हा मला ठरवावं लागेल, तिला व्हिंटेजचा मान द्यायचा की भाजी आणायची. फेरारीवाल्यांना हा पेच पडत नाही. त्यांची गाडी घेतल्या दिवसापासून मेळ्याचीच असते. 360 ला दर काही वर्षांनी टायमिंग बेल्ट बदलावा लागतो; तिच्या आधीच्या पिढीत त्यासाठी अख्खं इंजिन खाली काढावं लागायचं, 360 मध्ये सीटमागच्या झाकणातून हात घालता येतो. ही बातमी वाचून फेरारी बनवणाऱ्यांबद्दल मला जे वाटलं ते त्यांच्या 400 हॉर्सपॉवरने कधी वाटलं नव्हतं. कोणीतरी तिथे फिटरचा विचार केला.

लेखांची निवड संपादकांनी केली आहे. तो 'आत्मा' सोडला तर मी फक्त तांत्रिक शब्द तपासले, आणि दोन ठिकाणी 'सिंक्रोमेश' नसलेल्या गिअरला असलेला म्हटलं होतं ते सुधारलं. वाचताना एक करा: ज्या लेखात गाडीचा फोटो फार सुंदर आहे तो आधी वाचू नका. अमुक एक पार्ट मिळवण्यासाठी माणूस कुठून कुठे गेला, ते ज्यात लिहिलंय तो वाचा. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागेवर आता उंच इमारती उभ्या आहेत, पण तिथून निघालेले रबरी बुश, गॅस्केट, वायपरची काडी, दाराची मूठ अजून कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या पलंगाखाली, एखाद्या मेलेल्या मेकॅनिकच्या पत्र्याच्या डब्यात पडून आहेत. या पुस्तकातली निम्मी मैत्री त्या डब्यांतून जमलेली आहे.

म्हणून प्रस्तावनेच्या जागेचा थोडा स्वार्थी वापर करतो. माझ्या पद्मिनीच्या पुढच्या डाव्या दारातली छोटी तिकोनी काच 2017 मध्ये फुटली. तेव्हापासून तिथे जीआयडीसीत कापून घेतलेला अॅक्रिलिकचा तुकडा आहे. तो पिवळा पडलाय आणि साठच्या वेगाला शिट्टी मारतो. ती शिट्टी मला इंजिन ऐकू देत नाही. मूळ काच, डाव्या बाजूची, ओरखडा असला तरी चालेल, कोणाच्या माळ्यावर असेल तर प्रकाशकांच्या पत्त्यावर कळवा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन, गाडी घेऊनच येईन.